बिघाड तेवढा परत द्या

अनुसयाच्या दुकानात पहिल्यांदा येणारं गिऱ्हाईक दारातच घुटमळायचं. आत चष्मा कपाळावर चढवलेली, पदर कमरेला खोचलेली बाई टेबलावर वाकलेली दिसली की त्याला वाटायचं, आपण चुकून शेजारच्या शिंप्याकडे शिरलो. "या, कॉम्प्युटरचं दुकान हेच," अनुसया मान वर न करता म्हणायची. हातात स्क्रू-ड्रायव्हर असायचा आणि पुढ्यात पोट उघडलेला एखादा कॅबिनेट.

ती मूळची चंदगडकडची. लग्नाआधी मावशीबरोबर गोव्यात डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत आली ती काजूच्या कारखान्यात लागायला. तिथं जागा नव्हती. पलीकडच्या शेडमध्ये बायका हव्या होत्या, म्हणून तिकडे गेली. त्या शेडमध्ये कॉम्प्युटर जोडायचे. अनुसयानं तोवर कॉम्प्युटर पाहिलेला होता तो फक्त तालुक्याच्या बँकेत, काचेपलीकडे. इथं पहिल्याच दिवशी तिच्यासमोर पत्र्याचा रिकामा डबा आणून ठेवला आणि सांगितलं, हा भर.

भरता भरता ती शिकली. पॉवर सप्लाय बाहेरची वीज आत घेतो आणि ज्याला जेवढी सोसेल तेवढी वाटून देतो. मदरबोर्डवरून सगळ्यांचे रस्ते जातात. प्रोसेसर सगळं काम ओढतो आणि तापतो, म्हणून त्याच्या डोक्यावर पंखा बसवायचा, मध्ये पांढऱ्या लेपाचा ठिपका लावून. रॅमची पट्टी खाचेत दाबली की दोन्ही कान टक् करून मिटतात. रॅमला वीज असेपर्यंतच सगळं आठवतं, वीज गेली की पाटी कोरी. हार्ड डिस्क मात्र अंधारात पडून राहिली तरी विसरत नाही. हे सगळं तिला कुणी फळ्यावर लिहून शिकवलं नाही. हातानं बसवलं, चुकलं, जळलं, ओरडा खाल्ला, असं करत ते तिच्या अंगात भिनलं.

पुढे मालकानं शेड बंद करून यंत्रं दुसरीकडे हलवली. अनुसयाचा नवरा दीपक खाणीवर टिप्पर चालवायचा. खाण थांबली तसा तोही घरी बसला आणि मग त्यानं टेंपो घेतला. त्याच सुमारास अनुसयानं साखळी गावात बस स्टँडमागे हे दुकान मांडलं. तिची एक सवय सगळ्या बाजाराला ठाऊक होती. ती जुना सुटा भाग टाकून द्यायची नाही. फळ्यांवर खोकी आणि खोक्यांत मेलेले पंखे, गंजके पॉवर सप्लाय, मुक्या हार्ड डिस्क. दीपक चेष्टेनं म्हणायचा, "हे दुकान आहे का मसणवट?" त्यावर ती म्हणायची, "आत काय असतंय अहो त्यात? वीज येते, फिरते, जाते. भ्यायचं काय त्यात?"

आणि खरोखरच ती कशाला भ्यायची नाही. चोपड्याहून ते दोघं येईपर्यंत.

*

तो उन्हाळा होता. एक वयस्क बाई आणि तिचा नवरा, चादरीत बांधलेलं गाठोडं दोघांच्या मध्ये धरून दुकानाची पायरी चढले. बाईचं नाव पद्मावती, नवऱ्याचं बाबली. शापोरा नदीच्या काठी चोपड्याला त्यांचं घर. बाबली आयुष्यभर होडी घेऊन नदीत आणि नदीच्या तोंडाशी मासे मारणारा माणूस. म्हापशाला दोन ठिकाणी विचारलं, दोघांनीही भंगारात द्या म्हणून सांगितलं. मग कुणीतरी म्हणालं, साखळीला एक बाई आहे, ती काही टाकत नाही.

गाठोडं सोडलं. आत काळा कॅबिनेट, कडा गंजलेल्या.

"आमच्या झिलाचो," पद्मावती म्हणाली. झील म्हणजे मुलगा. "सर्वेशाचो. तेणा एकेक वस्तू आणून स्वतः जोडलेलो."

सर्वेश हरमलला पर्यटकांना खोल्या देणाऱ्या एका माणसाकडे काम बघायचा. दुपारी स्कूटरनं घरी जेवायला यायचा. आल्या आल्या कॉम्प्युटर चालू करायचा आणि मग हातपाय धुवायला जायचा. एका दुपारी तो आला नाही. समुद्रानं घेतला. दुसऱ्या दिवशी केरीच्या बाजूला सापडला. त्याला आता दुसरं वर्ष लागलं होतं.

अनुसयानं टेबलावरचं दुसरं काम बाजूला सरकवलं. मग विचारलं, "काय बिघडलंय, काकी?"

पद्मावतीनं नवऱ्याकडे बघितलं. बाबली रस्त्याकडे बघत होता.

"तो आपसूक चालू होय," ती म्हणाली. "दिवसकार्य झाला तेच्या दुसऱ्या दिसापासून. भर दुपारी. कोण हात लावणा नाय, काय नाय, आपलो आपण. आता होणा नाय."

"आपोआप चालू होत होता, तो बिघाड आता गेला?"

"होय. तो माका परत होयो."

अनुसयाला वाटलं, आपल्याला त्यांची बोली नीट कळली नाही. पण कळलं होतं ते बरोबरच होतं. पद्मावतीला कॉम्प्युटर चांगला करून नको होता, त्यातला बिघाड तेवढा परत हवा होता.

तिनं कॅबिनेट उघडला. नदीकाठचं खारं वारं आतवर पोचलेलं होतं. पॉवर सप्लाय जळून गेला होता, म्हणून सगळंच बंद. आणि पुढच्या बटणाच्या मागे तिला हवं ते उत्तर सापडलं. बटणाच्या दोन्ही तारांवरचं प्लास्टिक खाऱ्या हवेनं तडकलं होतं, आतली तांब्याची तार हिरवी पडली होती. दुपारचं ऊन जनेलातून, म्हणजे खिडकीतून, कॅबिनेटवर पडलं की प्लास्टिक ताणत असणार, तारा एकमेकींना चिकटत असणार, आणि कॉम्प्युटरला वाटत असणार, कुणी बटण दाबलं. तिला हायसं वाटलं. तिनं हे पद्मावतीला समजावून सांगितलंसुद्धा.

पद्मावतीनं सगळं ऐकून घेतलं. "बरा," ती म्हणाली. "मग त्या तारांक तू हात लाव नको."

दुरुस्तीच्या धंद्यातल्या माणसाला दिसणारा बिघाड तसाच सोडणं फार जड जातं. अनुसयानं नवा पॉवर सप्लाय बसवला, तारा तशाच ठेवल्या, आणि कॅबिनेट मिटला. काढलेला पॉवर सप्लाय तिनं खोक्यात टाकला तेव्हा पद्मावती म्हणाली, "ह्योव तेचोच ना? टाकू नको हां, बाय."

थोड्या दिवसांनी फोन आला. "चालू झालो गे," पद्मावती म्हणत होती, आणि तिचा आवाज नुकत्याच बाळंतीण झालेल्या लेकीची खबर सांगावी तसा होता.

*

पण खारी हवा काही थांबली नाही. त्या वर्षात चोपड्याचं ते गाठोडं पुन्हा पुन्हा साखळीला येत राहिलं. कधी मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले, कधी पंखा जाम, कधी रॅमला गंज चढून नुसतीच शिट्टी. मदरबोर्ड बदलला, त्याबरोबर प्रोसेसर बदलावा लागला. रॅम बदलली. काढलेला प्रत्येक भाग अनुसया एका वेगळ्या खोक्यात ठेवत गेली आणि खोक्यावर तिनं खडूनं चोपडे असं लिहिलं. शेवटी कॅबिनेटचाच पत्रा तळाकडून गळून पडला. तिनं नवा कॅबिनेट घातला. नवा कॅबिनेट म्हणजे नवं बटण आणि नव्या तारा.

हे तिनं स्पष्ट सांगितलं. "काकी, आता हा आपोआप चालू व्हायचा नाही. ज्या तारांमुळे व्हायचा त्या तारा गेल्या."

गाठोडं बांधून नवरा-बायको गेली.

दोन दिवसांनी फोन. "चालू झालो गे, बाय."

अनुसया हातातलं काम ठेवून उठून उभी राहिली. कॉम्प्युटरला ठरावीक वेळी चालू हो असं सांगून ठेवता येतं, ते तिला माहीत होतं. पण ते सांगणं मदरबोर्डवर राहतं, आणि मदरबोर्ड नवा होता, तिनंच बसवलेला. सर्वेशच्या हातचं आता त्यात एकच काही उरलं होतं, ती हार्ड डिस्क. आणि हार्ड डिस्क कॉम्प्युटर चालू करू शकत नाही. ती आठवू शकते, उठवू शकत नाही.

पुढच्या आठवड्यात दुकान बंद ठेवून ती चोपड्याला गेली.

घर नदीपासून दगड फेकावा एवढ्या अंतरावर. बाबली बल्कावात, दारापुढच्या ओसरीत, जाळं घेऊन बसला होता, पण त्याचे हात चालत नव्हते. पद्मावतीनं तिला पुढच्या खोलीत नेलं. जनेलाखाली मेज, मेजावर कॉम्प्युटर, समोर दरवाजा, आणि दरवाजाच्या आत एक पाट मांडलेला. अनुसयानं सगळं तपासलं. मग तिनं मागची वायर ओढून काढली आणि पिन हातात धरून खुर्चीवर बसली. वीजच नाही म्हटल्यावर आता कसा चालू होतो तेच बघू, असं तिला वाटलं.

दुपार चढली. आत पद्मावती कढीला फोडणी देत होती. बाहेर माडांच्या झावळ्याही हलत नव्हत्या. पलीकडच्या वाडीतला कोंबडा ओरडायचा थांबला, मग कुत्रा थांबला, आणि घरात एकाएकी इतकं सामसूम झालं की अनुसयाला आपल्याच कानांत रक्त वाहताना ऐकू आलं.

कॅबिनेटमधला पंखा फिरला.

आधी एक टिचकी मारल्यासारखा आवाज, मग हळूहळू घरघर. बंद केल्यावरही पॉवर सप्लायमध्ये थोडी वीज राहून जाते, तिच्यावर पंखा अर्धा गरका घेतो, हे तिनं शेकडो वेळा पाहिलं होतं. पण हा अर्ध्या गरक्यावर थांबला नाही. फिरतच राहिला. पडदा काळाच होता. तिच्या हातात पिन होती.

पद्मावती ताट घेऊन आली. भात, कढी, तळलेला शेवटा मासा. ताट पाटासमोर ठेवलं आणि दरवाजाकडे बघून सहज, शेजारणीच्या पोराला म्हणावं तसं म्हणाली, "ये रे. भितर ये. थांबलंस कित्याक?"

अनुसयानं दरवाजाकडे बघितलं. तिथं कुणी नव्हतं. पण शेणानं सारवलेला, उन्हानं कोरडा ठणठणीत झालेला उंबरा काळपट होत चालला होता. कुणीतरी ओल्या पायांनी त्यावर उभं असावं तसा. पंख्याची घरघर किंचित वाढली. खोलीत ओला, गार वास आला.

किती वेळ गेला ते अनुसयाला सांगता आलं नसतं. पंखा जसा सुरू झाला तसाच थांबला. ताटातलं सगळं होतं तिथंच होतं. पद्मावती पाटावर बसली आणि तेच ताट पुढे ओढून जेवायला लागली.

"हेका कधी चव नसता," ती म्हणाली. "मीठ बरोबर पडलेला असता, तरीपण. बघ."

अनुसयानं बोटावर थोडी कढी घेतली. ते कढत पाणी होतं. मिठाचा, चिंचेचा, मिरचीचा, कसलाच मागमूस त्यात नव्हता. नंतर चुलीवरच्या तोपातली कढी तिनं चाखली, ती आंबट-तिखट, जिभेला झोंबणारी होती.

*

बाबली तिला बस थांब्यापर्यंत सोडायला आला. थांब्यावर दुसरं कुणी नव्हतं.

"बाय," तो म्हणाला, "पुढच्या वक्ताक ता बिघाडला तर नीट करू नको."

"का, काका?"

"तो आमचो झील न्हय."

अनुसया त्याच्याकडे बघत राहिली.

"सर्वेश येय तेवा पाय आपटीत येय. 'आये' म्हणान आवशीक हाक मारीत येय. ह्यो उंबऱ्यार थांबता. परक्या घरात माणूस कसो थांबता, तसो. या म्हटल्याशिवाय भितर येणा नाय." त्यानं नदीकडे हात केला. "आणि तो वास बघितलंस? जल्मभर पाण्यार काढलंय मी. तो आमच्या न्हंयचो वास न्हय. तो दर्याचो, अजून दर्यातच असलेल्याचो."

मग त्यानं तिला ते सांगितलं, जे पद्मावतीनं सांगितलं नव्हतं. सर्वेश पोहायला गेला नव्हता. हरमलला त्या दुपारी कुणी एक तरुण पाण्यात ओढला जात होता. बांधकामावरचा, बाहेरून आलेला, चार दिवसांपूर्वी कामाला लागलेला. सर्वेश जेवायला घरी निघाला होता, स्कूटर वाटेत टाकून तो पाण्यात शिरला. सर्वेश सापडला. तो दुसरा कधीच सापडला नाही. ठेकेदाराला त्याचं नाव धड ठाऊक नव्हतं, आणि त्याला शोधत कुणीही आलं नाही.

"ज्याच्या पायी माझो झील गेलो," बाबली म्हणाला, "तो माझ्या घरात येवन जेवता. आणि ती तेका वाढता. माझ्या डोळ्यांसमोर. दुपार झाली की माझो हात जाळ्यार चालणा नाय."

बस आली. अनुसया चढली. पुलावरून जाताना खाली पाणी चकाकत होतं, आणि तिला खिडकीबाहेर बघवेना.

*

हार्ड डिस्क पावसाळा संपता संपता गेली. या खेपेला पद्मावती एकटीच गाठोडं घेऊन आली. अनुसयानं डिस्क बाहेर काढून, वीज जोडून कानाशी धरली. आतून टक, टक, टक असा आवाज येत होता, वाचायची सुई पुन्हा पुन्हा जागा चुकत असल्यासारखा.

दुपारची वेळ होती. साखळीचा बाजार जेवायला मिटला होता. शिंप्याचं शटर खाली, औषधाच्या दुकानाचं खाली, गल्लीत एक गाय तेवढी सावलीला उभी. अनुसयानंही आपलं शटर अर्धं ओढलं आणि पद्मावतीसमोर बसली.

"काकी, मी हा दुरुस्त करणार नाही."

"ह्यांनी सांगितल्यानी तुका."

"त्यांनी सांगितलं म्हणून नाही. मी स्वतः पाहिलं. तुम्ही सासरी असलेल्या लेकीकडे जात नाही, काका होडी काढत नाहीत. दुपार झाली की तुम्ही दोघं त्या दरवाजाला बांधल्यासारखी होता. आणि तो—"

"तो सर्वेश न्हय," पद्मावती म्हणाली. "माका ठावक आसा."

अनुसयानं चष्मा कपाळावरून खाली ओढला.

"पयल्या दिसापासून ठावक आसा. आपल्या पोराचो पाय आवशीक कळणा नाय काय?" ती शांतपणे बोलत होती, मांडीवरच्या चादरीच्या गाठीशी खेळत. "मी आधी दार लावन घेतलंय. तरी तो भायर उभो. रोज. मग माझ्या मनात इला, माझ्या झिलान ज्याका धरूक हात पुढे केल्यान, तेका मी दारातसून हाकलू? सर्वेश घराकडे जेवक येत होतो. तेच्या मागसून ह्यो इलो. वाट दुसरी खयची तेका ठावक असतली? कोणाचो तरी झील तो. तेच्या आवशीक तर अजून खबरसुद्धा नसात."

तेवढ्यात वीज गेली. डोक्यावरचा पंखा मंदावत थांबला, टेबलावरचा दिवा विझला. अर्ध्या शटरखालून येणारा उजेड फरशीवर पट्टीसारखा पडला होता. त्या शांततेत खालच्या फळीवरून खरड, खरड असा आवाज आला.

खडूनं चोपडे लिहिलेल्या खोक्यातून.

अनुसया जागची हलली नाही. खोक्याचं झाकण उघडंच होतं. आत सगळ्यात वर तो जुना पंखा होता, प्रोसेसरवरचा, गंजून जाम झालेला, तिनं स्वतःच्या हातानं काढलेला. त्याची वायर कशालाही जोडलेली नव्हती. ती खोक्याच्या काठावरून मोकळी लोंबत होती. आणि पंखा फिरत होता. गंजलेलं पातं दर फेऱ्याला पुठ्ठ्याला घासत होतं. पुठ्ठ्याची ती बाजू, बघता बघता, भिजत होती.

आत काय असतंय त्यात, हे वाक्य अनुसया इतक्या वर्षांत कितीदा म्हणाली असेल. आता ते तिच्या तोंडापर्यंत आलंसुद्धा नाही. तिला फक्त चंदगडच्या घराची आठवण झाली, का कोण जाणे. मावशीबरोबर निघाली त्या दिवशी आई वाटेवर उभी होती, आणि गोवा कुठं आहे ते आईला धड माहीत नव्हतं.

"हय पण इलो," पद्मावती म्हणाली. तिनं पिशवीतून डबा काढला. भात आणि किसमूर, सुक्या सुंगटांची म्हणजे कोळंबीची चटणी. प्रवासात खायला आणलेलं. तिनं झाकणावर दोन घास काढले आणि ते खोक्यासमोर फरशीवर ठेवलं. "जेव रे. हय पण आमचीच माणसा आसत."

खरडणं हळू होत गेलं आणि थांबलं. वीज यायला मात्र बराच वेळ लागला. तोवर त्या दोघी तशाच बसून होत्या.

वीज आल्यावर अनुसयानं नवी हार्ड डिस्क काढली. जुनीतलं जेवढं निघालं तेवढं तिनं नवीवर उतरवलं. त्यात गुपित वगैरे काहीच नव्हतं. भाड्याच्या खोल्यांचे फोटो होते, गाणी होती, आणि बाबलीचा एक फोटो होता, होडीत झोप लागलेला. ते झालं आणि त्या कॉम्प्युटरमध्ये सर्वेशनं जोडलेला एकही भाग उरला नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी दीपकच्या टेंपोतून अनुसया स्वतः तो घेऊन चोपड्याला गेली. बाबलीनं तिला गाठोडं उतरवताना पाहिलं आणि तो काठाकडे निघून गेला. तिनं कॉम्प्युटर मेजावर ठेवला, वायरी जोडल्या. पद्मावतीनं पाट मांडला.

दुपारी पंखा सुरू झाला. पद्मावतीनं ताट ठेवलं, "ये रे भितर" म्हणाली. पण उंबरा कोरडाच राहिला. पंखा नुसता घरघरत होता, एखाद्याला दम लागावा तसा.

अनुसया वाकून बघायला गेली. बल्काव आणि दरवाजा यांच्या मध्ये बाबली उभा होता. काठावरून परत आला होता. दरवाजाकडे पाठ, अंगणाकडे तोंड, वाट अडवून. त्याचे पाय घोट्यापर्यंत ओले दिसत होते, आणि ते पाणी नदीतलं होतं की दुसरं कसलं, ते तिला कळेना. समोर रिकामं अंगण होतं, त्यात पांढरं ऊन.

"अवो," पद्मावती आतून म्हणाली. एवढंच.

बाबली कितीतरी वेळ तसाच उभा होता. मग त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं आणि एक पाऊल बाजूला झाला.

"ये," तो म्हणाला. "जेव."

उंबरा ओला झाला. बाबली त्या ओलीच्या मागोमाग आत आला आणि पाटाच्या शेजारी जमिनीवर मांडी घालून बसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो त्या वेळी त्या खोलीत आला होता.

"तुझा नाव काय रे?" त्यानं विचारलं. "खयचो तू?"

पंखा फिरत होता. उत्तर आलं नाही. पण बाबली विचारतच राहिला, गाव कुठलं, घरी कोण, पोहायला कुणी शिकवलं नाही का. असं विचारत विचारत तो रडायला लागला. रस्त्यावर टेंपोत मघापासून हॉर्न वाजवणारा दीपक थांबला, आणि अनुसया मागच्या दारानं बाहेर पडली.

*

महालय आला तेव्हा बाबलीनं सर्वेशच्या नावानं जेवण घातलं. सर्वपित्रीच्या दिवशी मात्र तो नदीवर गेला आणि भटाला म्हणाला, आणखी एकाचं करायचं आहे. नाव विचारलं, ठाऊक नाही. गोत्र, ठाऊक नाही. गाव, ठाऊक नाही. भट म्हणाला, ज्यांचं मागे कुणी नाही त्यांनाही पाणी सोडता येतं. बाबलीनं कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून ओंजळीनं पाणी सोडलं. नंतर उशिरापर्यंत तो बाहेर आला नाही, म्हणून शेजाऱ्यांनी हाका मारल्या.

दोन दिवसांनी अनुसयाचा फोन वाजला.

"गेलो गे," पद्मावती म्हणाली.

"बिघडला? येऊ मी?"

"बिघडाक नाय. तो गेलो."

तरी अनुसया गेली. तिनं कॉम्प्युटर उघडून बघितला. पॉवर सप्लाय ठीक, बोर्ड ठीक, पंखा धूळसुद्धा नसलेला. बटण दाबलं तसा एक शिट्टी देऊन तो सरळ चालू झाला, पडदा उजळला, कुठल्याही घरातल्या कुठल्याही कॉम्प्युटरसारखा. बटण दाबलं की बंद. दुपार आली आणि गेली. उंबरा कोरडा होता. तोपातली कढी आणि ताटातली कढी सारखीच आंबट लागली.

जेवण झाल्यावर ती आणि पद्मावती बल्कावात बसल्या. पद्मावतीनं लेकीकडे जायची पिशवी भरून ठेवली होती. कॉम्प्युटर शेजारच्या गौरवीला अभ्यासाला द्यायचा ठरला होता. अनुसयानं विचारलं, "गेला हे तुम्हाला कसं कळलं?"

पद्मावतीनं बाबलीकडे बघितलं. बाबली जाळ्याच्या गाठी मारत होता, भराभर.

"सर्वपित्रीच्या दुसऱ्या दिसा ताट वाढलंय," ती म्हणाली, "आणि ह्यांका हाक मारूक काठार गेलंय. परत इलंय तर पाटाकडे ताट नाय. हय बघितलंय, थय बघितलंय. मागे पाणी काढूक बावीर गेलंय तर थय. घासलेला, धुतलेला, दगडार पालथा घालून ठेवलेला."

"काकांनी ठेवलं असेल."

"ह्ये माझ्याबरोबर काठार होते. घरात दुसरा कोण?" तिनं पदर सावरला. "आमच्या सर्वेशान जल्मात कधी ताट उचलूक नाय."

बाबली हसला. अनुसयानं त्याला पहिल्यांदाच हसताना पाहिलं. मग त्यानं जाळ्यावरचा हात थांबवला आणि नदीच्या तोंडाकडे, जिथं पाणी समुद्राला मिळतं तिकडे, बघत म्हणाला, "तेच्या आवशीन बरा वळण लावलेला."